रानाची राखण आणि मराठी गद्यातील ‘आम्ही’

मराठीत अरण्यलेखन हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्थिर झाला आहे, हे आता कोणी नाकारणार नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले, तेव्हा निसर्गाकडे इतक्या निकट आणि इतक्या सुसंस्कृत दृष्टीने पाहणारे गद्य आपल्याकडे दुर्मीळ होते. पुढे व्यंकटेश माडगूळकरांनी आणि मारुती चितमपल्लींनी ही दृष्टी प्रत्यक्ष रानात नेली. या लेखनाच्या भाषेविषयी, चित्रणशक्तीविषयी आणि त्यामागील तपश्चर्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. मला येथे एका वेगळ्या आणि वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. या गद्यातील वाक्याचा कर्ता कोण? रान कोण पाहतो, कोण जाणतो आणि, मुख्यतः, कोण राखतो?

पहिल्या दोन क्रियांचे उत्तर सोपे आहे. पाहणारा आणि जाणणारा ‘मी’ आहे. माडगूळकरांच्या ‘नागझिरा’त एक माणूस रानात जाऊन राहतो, पायी हिंडतो, टिपणे आणि रेखाचित्रे करतो. त्याचा एकटेपणा हे त्या पुस्तकाचे केवळ निमित्त नाही, ते त्याचे रूपतत्त्व आहे. माणसांचा गलबला मागे टाकल्याखेरीज रान बोलू लागत नाही, अशी त्या लेखनामागची अबोल श्रद्धा आहे. ‘सत्तांतर’मध्ये तर माणूस हे पात्रच उरत नाही, वानरांच्या टोळ्या आणि त्यांचा सत्तासंघर्ष एवढेच राहते. १९८३ साली त्या कृतीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेही उचितच होते. चितमपल्लींचे ‘मी’पण मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते वनाधिकारी होते, रानात पाहुणे नव्हते. आपले ज्ञान कोणाकोणाकडून आले हे त्यांनी कधी लपविले नाही. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचणाऱ्याला माधवराव पाटलांचा विसर पडणे शक्य नाही. पाखरांची, झाडांची, माशांची लोकांच्या तोंडी असलेली नावे त्यांनी जन्मभर वेचली. जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द घडवून दिले. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले, तेव्हा मराठीचा एक चालताबोलता कोश मिटला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तथापि या सर्व ऋणनिर्देशानंतरही एक गोष्ट उरतेच. या लेखनात रानातला माणूस ‘सांगणारा’ म्हणून येतो, वाटाड्या म्हणून येतो, क्वचित गुरू म्हणूनही येतो. पण तो एकेकटा येतो. त्याचे गाव येत नाही. गावाने बसून रानाविषयी काही ठरविले, ते पाळले, मोडणाऱ्याला विचारले, असा प्रसंग या पुस्तकांच्या केंद्रस्थानी मला सापडलेला नाही. अरण्य हे जणू ज्ञानाचे क्षेत्र आहे, निर्णयाचे नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची अवघी वस्ती आहे, ढोल आहे, देव आहे, डोंगर आहे, पण कथा चालते ती एका नाग्याच्या आणि मधमाश्यांच्या वैरावर. समूह पार्श्वभूमीला राहतो आणि साद घालतो.

मग राखणारा कोण? या प्रश्नापाशी आले की मराठी एकदम सरकारी होते. ‘राखणे’ हे आपल्या भाषेतील किती जिवंत क्रियापद आहे! गुरे राखतात, शेत राखतात, मान राखतात, शब्द राखतात. राखणारा डोळ्यांसमोर उभा राहिल्यावाचून हे क्रियापद वापरताच येत नाही. याच धातूपासून ‘राखीव’ हे विशेषण निघाले आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील एका वर्गाचे मराठी नाव ‘राखीव वन’ झाले. या शब्दातून कर्ता नाहीसा झाला आहे. कोणी राखले, कोणासाठी राखले, कोणापासून राखले, हे काहीच शब्द सांगत नाही. पुढे ‘संरक्षण’, ‘संवर्धन’, ‘व्यवस्थापन’ ही नामे आली. तीही कर्त्यावाचून उभी राहू शकतात. १९९० च्या केंद्रीय परिपत्रकानंतर ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ आले. त्यातही संयुक्त कोण कोणाशी, हे त्या शब्दातून कळत नाही. ललित गद्यातील एकाकी ‘मी’ आणि शासकीय गद्यातील कर्ताहीन नाम या दोहोंच्या मध्ये रानाशेजारचे गाव सापडेनासे झाले. हा केवळ शैलीचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. ही पुस्तके वाचून रानावर प्रेम करू लागलेल्या पिढ्यांना सरपणाची मोळी घेऊन चाललेली बाई आधी घुसखोर दिसली असेल, तर त्याचे थोडे उत्तरदायित्व आमच्या गद्याकडेही येते.

या पार्श्वभूमीवर मेंढा या गावाने मराठी गद्यापुढे जी अडचण उभी केली ती विचारात घेण्यासारखी आहे. मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील, शंभराच्या आसपास घरांचे गोंडांचे गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, धरणे थांबली, आणि ज्या गावांनी ते आंदोलन केले त्यांतील या एका गावाने पुढे विचारले की, जंगल वाचविले खरे, पण आता ते चालवायचे कोणी? देवाजी तोफा हे गावातले. मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले, ‘वृक्षमित्र’चे कार्यकर्ते. गावाने अभ्यासगट काढले, कायदे वाचले. ग्रामसभेतील निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यावयाचे असे ठरले; एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबवावयाचा. घोटुल पुन्हा उभारले तेव्हा वनखात्याने लाकूड जप्त केले. गावाने ते पुन्हा बांधले. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे, म्हणजे हक्क दिला जात नसून आधीपासून असलेला हक्क मान्य केला जात आहे. त्या कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते.

त्यानंतरचा बांबूचा वाद तर एखाद्या समीक्षकानेच रचावा असा आहे. नवा कायदा बांबूला ‘गौण वनोपज’ म्हणत होता, तर १९२७ च्या कायद्यातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू बसविलेला होता. बांबू गवत की झाड, हा वनस्पतिशास्त्राने केव्हाच सोडविलेला प्रश्न. पण शब्दाच्या व्याख्येवर गावाच्या हातात काय राहील हे अवलंबून होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे देण्यात आले. जुन्या कायद्याच्या व्याख्येतून बांबू काढला जाण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. या भागातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याकडे जात असे. आपली काही अरण्यपुस्तकेही त्याच कागदावर छापली गेली असतील, हा विचार मनात येतो आणि तो दूर सारणे सोपे जात नाही.

हा सारा वृत्तान्त मराठीत आणण्याचे श्रेय मिलिंद बोकील यांना आहे. त्यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक २०१२ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले. बोकील हे ‘शाळा’चे कादंबरीकार आणि समाजशास्त्राचे अभ्यासक, या दोन्ही भूमिका त्या शीर्षकातील पहिल्या शब्दापाशी एकत्र येतात. ‘अहवाल’ नाही, ‘अभ्यास’ नाही, ‘गोष्ट’. गोष्ट म्हटली की नायक आला, अडथळा आला, शेवट आला. येथे नायक व्हावयास योग्य अशी माणसे आहेत, आणि त्यांना नायक करण्याचा मोह टाळणे हीच लेखकाची कसोटी आहे. कारण ज्या गावाची सारी प्रतिज्ञा ‘कोणी एक नाही, सर्व’ अशी आहे, त्याची गोष्ट एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितली तर ती खोटी ठरेल. सभा, अभ्यासगट, अर्ज, कागदपत्रे यांसारख्या, ललित लेखकाला नीरस वाटणाऱ्या गोष्टींना गोष्टीत जागा मिळणे हे मी मराठी गद्याच्या दृष्टीने मोलाचे मानते. तरीही बाहेरून आलेल्या निवेदकाला एक मर्यादा पडते, आणि ती प्रामाणिकपणाची मर्यादा आहे: तो ‘ते’ म्हणू शकतो, ‘आम्ही’ म्हणू शकत नाही. ‘मी’पासून ‘ते’पर्यंत मराठी अरण्यगद्य आले, हे अंतर लहान नाही.

‘आम्ही’चे काय, हा प्रश्न मला ज्या रीतीने पडला ते सांगते. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात मी अनेक वर्षे राहते. (मोहल्ल्याच्या नावातले दोन्ही शब्द मराठी माणसाला भाषांतरावाचून कळतात, त्यापुढे मात्र प्रत्येक पावलाला भाषांतर करावे लागते.) शेजारी एक निवृत्त कन्नड अध्यापक आहेत. त्यांना मेंढ्याविषयी सांगताना मी त्या गावाची प्रसिद्ध घोषणा कन्नडात करून दाखवू लागले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ कन्नडात ते सहज झाले: ‘नम्म ऊरल्लि नावे सरकार.’ मराठीचा ‘च’ आणि कन्नडचा ‘ए’ हे जुळे भाऊ आहेत. जोर जेथल्या तेथे राहिला. अध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘नावु अंदरे यारु?’ म्हणजे, ‘नावु’ म्हणजे कोण? तुम्ही धरून, की तुम्हाला वगळून?

प्रश्न बिनतोड होता. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन अनेकवचनी प्रथमपुरुष आहेत. एक ऐकणाऱ्याला वगळतो, दुसरा त्याला सामावून घेतो. भाषाशास्त्रज्ञ या भेदाचे मूळ द्राविडी भाषांच्या सहवासात शोधतात. गंमत अशी की, आजच्या कन्नडाने तो भेद सोडून दिला आणि मराठीने तो जपून ठेवला. कन्नडात ‘नावु’ हा एकच शब्द दोहोंचे काम करतो. त्यामुळे ‘नम्म सरकार’ ऐकणारा अधिकारी स्वतःलाही त्यात मोजू शकतो आणि वाक्याचे टोक बोथट होते. मराठी घोषणेत ‘आपले सरकार’ नाही, ‘आमचे सरकार’ आहे. हे वाक्य गावाच्या उंबरठ्यावर उभे राहून बाहेर पाहत उच्चारलेले आहे. पण त्यात बंडखोरीही नाही. दिल्ली-मुंबईतले सरकारही ‘आमचे’च आहे, हे आधी मान्य करूनच पुढचा ‘आम्हीच’ येतो. पहिल्या अर्धात नागरिकत्व आहे, दुसऱ्यात स्वामित्व. आणि दोन्ही एकाच सर्वनामावर तोललेले आहेत. इतके काटेकोर वाक्य आमच्या कित्येक वैचारिक निबंधांत सापडणार नाही.

मराठी घोषणेच्या मागे गोंडी घोषणा आहे: ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचे राज्य. म्हणजे मी करीत होते ते भाषांतर तिसऱ्या हाताचे होते; एका द्राविड भाषेतून निघून मराठीच्या वाटेने दुसऱ्या द्राविड भाषेत. ‘नाटे’ ऐकताच अध्यापकांना कन्नड ‘नाडु’ आठवला आणि त्यांचा चेहरा खुलला. मराठीने मध्ये येऊन जे अवघड केले होते ते गोंडीने क्षणभर सोपे केले.

घोषणा झाली बाहेरच्यासाठी. आत, ग्रामसभेत, कोणते सर्वनाम लागते? तेथे ‘आपण’ लागते. ‘आपण’ हा मराठीतला विलक्षण शब्द आहे: तो समावेशक अनेकवचन आहे, समोरच्याचा आदर आहे आणि ‘स्वतः’ या अर्थी आत्मवाचकही आहे. सर्वसहमतीचे सारे तत्त्व या तीन अर्थांत येऊन जाते. आत ‘आपण’ आणि दारात ‘आम्ही’: या दोन सर्वनामांमधली ये-जा हाच त्या गावाच्या गोष्टीचा खरा कथाविषय आहे, असे मला वाटू लागले आहे. तो लिहिणारी कादंबरी मात्र माझ्या वाचनात नाही.

का नाही, याचे एक कारण आमच्या ग्रामीण कादंबरीच्या घडणीत आहे. तिच्यात सभा येते ती भांडणाची, फजितीची किंवा निवडणुकीची जागा म्हणून. शंकर पाटलांची ‘टारफुला’ ही १९६४ ची कादंबरी सत्तेविषयी मराठीत जे काही उत्तम लिहिले गेले त्यांत मोडते. पण तेथे सत्ता एका जबरदस्त हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते, आणि हात रिकामा राहिला की गाव उद्ध्वस्त होते. गावाने सत्ता आपल्यात वाटून घेतली तर काय होईल, ही शक्यता त्या कादंबरीच्या कक्षेबाहेरची आहे. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. कथा संघर्षाने पुढे सरकते. सर्वसहमतीची सभा थांबण्याने पुढे सरकते. एकाने ‘नाही’ म्हटले की सारे थांबतात, पुढच्या वेळी पुन्हा बसतात. या विलंबात नाट्य नाही असे ज्याला वाटते त्याने ते ‘नाही’ कोणाचे आहे याचा विचार करावा. ते एका विधवेचे असेल, गावात नुकत्याच आलेल्या सुनेचे असेल, दारूबंदी नको असलेल्या म्हाताऱ्याचे असेल.

समूहाविषयी मी भाबडेपणाने बोलत आहे असा आक्षेप येथे घेतला जाईल. ‘आम्ही’ हा शब्द किती माणसांना गिळतो, हे विसाव्या शतकाने दाखविले आहे. दलित साहित्याला गावाचा ‘आम्ही’ काय होता हे कोणी शिकविण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो शब्द कधीच लागू नव्हता. देवराईचे उदाहरण घ्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवराया अभ्यासल्या, तेव्हा गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या रानाचे मोल आपल्या लक्षात आले. परंतु देवराईची आठवण काढताना देवळाच्या पायरीपाशी कोणाला थांबविले जात होते हेही आठवले पाहिजे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच मेंढ्याचा नियम वाङ्मयीन दृष्ट्या मला महत्त्वाचा वाटतो: तेथे ‘आम्ही’ हा प्रत्येक ‘मी’च्या संमतीवर उभा करण्याचा प्रयत्न आहे. तो दर वेळी साधतो की नाही हे तपासणे कादंबरीकाराचे काम आहे; समाजशास्त्रज्ञ ते अर्ध्यापर्यंतच करू शकतो.

एका शब्दावरून कर्ता गुन्हेगार कसा होतो, याचा अनुभव मला माझ्याच कामात आला. म्हैसूरहून दोन-तीन तासांच्या वाटेवर, चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरीरंगन डोंगर आहेत. तेथील सोलिग लोक पूर्वी कोरड्या ऋतूच्या आरंभी रानातला पाचोळा जाळीत. त्याला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. तरगु म्हणजे वाळका पाला, बेंकी म्हणजे आग. ही आग बुटकी आणि थंड. गवत पुरते वाळण्याआधी लावलेली. तिने झाडे जळत नाहीत, बांडगुळे आणि घाणेरीची रोपे मागे हटतात, नवे गवत येते. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले आणि ही आग निषिद्ध ठरली. १९९७ आणि २००८ साली झालेल्या पाहण्यांत घाणेरी पुष्कळ पसरलेली आढळली. कारणे अनेक असू शकतील, पण ‘आम्ही जाळीत होतो तेव्हा हे नव्हते’ असे सोलिग वडीलधारी सांगतात, आणि आता आग लागते ती साठलेल्या इंधनावर, उंच आणि तापट लागते. २०११ साली तेथे व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला, आणि त्याच वर्षी व्याघ्रप्रकल्पात राहूनही सोलिगांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मान्य झाले.

सोलिगांविषयीचा एक कन्नड लेख मी मराठीत आणला. ‘तरगु बेंकी’ला मराठीत शब्द नाही. कोकणातला ‘राब’ जवळचा वाटतो, पण राब शेतासाठी भाजतात, रानासाठी नाही. मी ‘पाचोळा जाळणे’ असे साधे लिहिले. एका मासिकाच्या संपादकांना ते ‘अस्पष्ट’ वाटले, आणि छापून आले तेव्हा वाक्य झाले होते: ‘सोलिग लोक दरवर्षी वणवा लावीत.’ संपादकांचा हेतू स्वच्छ होता. वाचकाला कळावे एवढाच. पण ‘वणवा’ हा शब्द मराठीत आपत्ती आहे. तो लागतो, आणि जो लावतो तो दोषी असतो. ज्या लोकांनी आगीने रान राखले ते एका शब्दाने रान जाळणारे झाले. हा लेख वाचणारा कोणी तरुण वनाधिकारी असेल तर त्याच्या मनात सोलिगाची कोणती प्रतिमा उभी राहिली असेल, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत होते.

कन्नड गद्याला या बाबतीत काही अनुकूलता लाभली आहे, हे कबूल केले पाहिजे. कुवेंपूंच्या ‘मलेगळल्लि मदुमगळु’ या १९६७ च्या कादंबरीत मलनाडचे अरण्य आहे आणि असंख्य माणसे आहेत. येथे कोणी मुख्य नाही आणि कोणी गौण नाही, ही त्या कृतीची जाहीर प्रतिज्ञाच आहे. ‘गौण वनोपज’ या शब्दप्रयोगाशेजारी ती ठेवून पाहावी. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ (१९८०) अधिक खेळकर आहे, पण माझ्या प्रश्नाला ती अधिक उपयोगी पडते. एका दुर्मीळ उडत्या सरड्याच्या शोधात शास्त्रज्ञ, शेतकरी-निवेदक, छायाचित्रकार, स्वयंपाकी आणि कुत्रा असा सगळा लवाजमा रानात निघतो. ज्याच्या डोळ्यांवर ही सारी मोहीम उभी आहे तो मंदण्णा मात्र गावाच्या लेखी निरुद्योगी, मधमाश्यांच्या नादी लागलेला तरुण आहे. शास्त्रज्ञ कर्वालो त्याला ‘माहिती देणारा’ मानीत नाही. जवळजवळ सहाध्यायी मानतो. निवेदक ‘मी’ आहे, पण हा ‘मी’ घोळक्यात आहे, चिडतो, हसतो, चुकतो. शेवटी सरडा दरीत झेप घेऊन निसटतो आणि कोणाच्याच हाती काही लागत नाही. माडगूळकरांचा एकाकी निरीक्षक आणि तेजस्वींचा हा घोळका यांत कलादृष्ट्या कोण श्रेष्ठ, हा वाद मला निरर्थक वाटतो. पण रानात अनेकजण मिळून चुकू शकतात, एवढे तरी ‘कर्वालो’ने कन्नड वाचकाला सांगून ठेवले आहे.

अध्यापकांनी माझ्या अडचणीवर तोडगा सुचविला होता. ‘नावु’च काढून टाका, गावाचे नाव घाला: ‘मेंढदल्लि मेंढदवरे सरकार.’ मेंढ्यात मेंढ्याचेच लोक सरकार. अर्थ नेमका झाला, वगळायचे ते वगळले गेले, कोणाचा गैरसमज होणार नाही. मी ते वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले. त्यात ‘आम्ही’चा ‘ते’ झाला होता. बोलणारे गाव पुन्हा ज्याच्याविषयी बोलले जाते ते गाव झाले होते. मी त्यांचे आभार मानले आणि वहीत ‘नावे’ हाच शब्द राहू दिला. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांनी ते पान उघडून वाचले, ‘वे’वर नखाने एक बारीक रेघ ओढली, आणि म्हणाले, येथे वाचणाऱ्याने थांबले पाहिजे.